होम थिएटर रिसीव्हरमधील ॲनालॉग व अंकीय ध्वनिसंकेतांचे संस्करण : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : ध्वनिसंकेत, ॲनालॉग, अंकीय, नमुनन, रिसीव्हर, तंबोरा, ध्वनिफितींचे जतन

प्रस्तावना

महाविद्यालयातील दृक्‌श्राव्य कक्ष, भाषा प्रयोगशाळा आणि संगीत विभाग या तिन्ही ठिकाणी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘होम थिएटर रिसीव्हर’ नावाचे उपकरण हळूहळू स्थिरावले आहे. मूळचे हे घरगुती उपकरण असले, तरी एका पेटीत निवडक, रूपांतरक आणि विवर्धक असे सर्व काही मिळत असल्याने विभागाच्या तुटपुंज्या अनुदानात ते बसते. त्याच्या पाठीमागील पन्नासएक जोडण्या पाहून मात्र बहुतेक प्राध्यापक दोन पावले मागे सरतात व जोडणीचे काम दुकानातून आलेल्या मुलावर सोपवतात. ध्वनी ऐकू आला म्हणजे जोडणी बरोबर, असा समज त्यातून रूढ झालेला आहे.

प्रस्तुत लेखात रिसीव्हरमध्ये शिरलेल्या संकेताचे आत नेमके काय होते, ॲनालॉग संकेताला आणि अंकीय संकेताला दिली जाणारी वागणूक कोठे वेगळी असते व कोठे एकच होऊन जाते, याचा ऊहापोह केला आहे. या विवेचनाला एक व्यावहारिक निकडही आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक संस्थांकडे व्याख्याने, कीर्तने, शाहिरी कार्यक्रम आणि संगीत मैफली यांच्या ध्वनिफिती पडून आहेत. त्या फिती वाजवणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत. ‘रिसीव्हरला डेक जोडून संगणकावर घ्या’ असा सल्ला या बाबतीत सर्रास दिला जातो. तो योग्य की अयोग्य, हे रिसीव्हरची अंतर्रचना समजल्याखेरीज ठरवता येत नाही.

संकेताची दोन रूपे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारा चढउतार. ध्वनिग्राहक या चढउतारासारखाच चढउतार विद्युत्‌दाबात निर्माण करतो. हे ‘सारखेपण’ हाच ॲनालॉग या शब्दाचा गाभा होय. तबकडीवरील खाच, फितीवरील चुंबकीयन आणि तारेतील विद्युत्‌दाब ही एकाच आकृतीची तीन रूपे असतात. प्रत्येक रूपांतरात आकृती थोडी बिघडते. हा बिघाड संकेतात मिसळून जातो व मागाहून वेगळा काढता येत नाही.

अंकीय पद्धतीत या आकृतीची ठरावीक अंतराने मोजणी करून ते आकडे पुढे पाठवले जातात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यासाठी १६ बिट असे प्रमाण ठरले. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या बसतात. दोन वाहिन्यांसाठी गुणाकार केला, तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. नमुन्यांची वारंवारता संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असली पाहिजे, ही नायक्विस्ट व शॅनन यांच्या नावांशी जोडलेली अट विज्ञानशाखेच्या प्राध्यापकांना परिचित आहेच. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने ४४.१ हा आकडा या अटीत बसतो.

येथे एका गैरसमजाचा निर्देश करणे आवश्यक वाटते. पाठ्यपुस्तकांत अंकीय संकेताची आकृती जिन्याच्या पायऱ्यांसारखी काढलेली असते व त्यावरून ‘दोन नमुन्यांमधला ध्वनी हरवतो’ असा निष्कर्ष वर्गात सांगितला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. रूपांतरकाच्या अखेरीस असलेला छानक या पायऱ्या पूर्णपणे गुळगुळीत करतो. मर्यादेच्या आतील प्रत्येक वारंवारतेसाठी नमुन्यांच्या बिंदूंमधून जाणारी वक्ररेषा एक आणि एकच असते, आणि तीच बाहेर पडते. बिटांची संख्या मर्यादित असल्याने जे खरोखर शिल्लक राहते, ते म्हणजे अत्यंत मंद असा पार्श्वगोंगाट. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने १६ बिटांत सैद्धांतिक अंतर सुमारे ९८ डेसिबल येते. जिन्याच्या आकृतीऐवजी दोलनदर्शकावर रूपांतरकाचा प्रत्यक्ष निर्गम दाखवला, तर विद्यार्थ्यांचा हा समज पाच मिनिटांत दूर होतो.

रिसीव्हरच्या पाठीवर

पाठीवरील जोडण्या प्रथमदर्शनी गोंधळात टाकतात, पण त्यांचे तीन गट सहज पाडता येतात.

पहिला गट लाल-पांढऱ्या गोल आरसीए खोबणींचा. त्यांतून ॲनालॉग संकेत येतो. कॅसेट डेक, जुना सीडी प्लेअर व संगणकाचे हेडफोन निर्गम येथे जोडले जातात. घरगुती उपकरणांचा नाममात्र दाब सुमारे ०.३ व्होल्ट धरतात, तर सीडी प्लेअरचा पूर्ण निर्गम २ व्होल्टपर्यंत जातो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. याच गटात काही यंत्रांवर ‘फोनो’ अशी वेगळी खोबण असते. तिच्याकडे नंतर वळू.

दुसरा गट एस/पीडीआयएफ या नावाने ओळखला जातो. त्याचे दोन प्रकार आहेत. नारिंगी खोबणीतून ७५ ओहम प्रतिबाधेच्या तारेने जाणारा एक, आणि प्लास्टिकच्या प्रकाशतंतूतून लाल प्रकाशाने जाणारा दुसरा. आकडे दोन्हींत तेच असतात. फरक वाहनाचा.

तिसरा गट एचडीएमआयचा. डिसेंबर २००२ मध्ये या जोडणीचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. चित्र व ध्वनी एकाच तारेतून नेण्याची आणि आठ वाहिन्या असंपीडित स्वरूपात वाहण्याची क्षमता तिच्यात प्रथमपासूनच होती. २००९ च्या १.४ आवृत्तीत दूरदर्शन संचाकडून ध्वनी उलट रिसीव्हरकडे आणण्याची सोय झाली. २०१७ च्या २.१ आवृत्तीत ही उलटवाट रुंद करण्यात आली.

या व्यतिरिक्त आत एक ट्यूनर असतो, हे बहुधा विसरले जाते. मध्यम लहरींवर आकाशवाणी सांगली ऐकत वाढलेल्या पिढीला रेडिओ म्हणजे वेगळी पेटी वाटते. रिसीव्हर हे नाव मात्र मुळात या ट्यूनरमुळेच पडलेले आहे. एफ.एम. प्रक्षेपणात ध्वनीची कमाल वारंवारता १५ किलोहर्ट्झ असते आणि १९ किलोहर्ट्झवरील एक सूचक स्वर ‘हे प्रक्षेपण द्विवाहिनी आहे’ एवढे सांगतो. ट्यूनरमधून बाहेर पडणारा संकेत रिसीव्हरच्या दृष्टीने आणखी एक ॲनालॉग आगमच होय.

ॲनालॉग संकेताचा आतील प्रवास

आरसीए खोबणीतून आत आलेला संकेत विद्युत्‌दाबाच्याच रूपात शेवटच्या विवर्धकापर्यंत जातो, असा सर्वसाधारण समज आहे. १९८० च्या दशकातील स्टिरिओ विवर्धकात तो तसाच जात असे. आजच्या होम थिएटर रिसीव्हरमध्ये बहुतेक वेळा तसे होत नाही. निवडकातून पुढे गेल्याबरोबर तो ॲनालॉग-अंकीय रूपांतरकात शिरतो, त्याचे आकडे होतात, आकड्यांवर संस्करण होते आणि मग दुसऱ्या रूपांतरकातून तो पुन्हा विद्युत्‌दाब बनतो. म्हणजे तबकडीचा ‘अस्सल ॲनालॉग’ ध्वनी ऐकतो आहोत, असे समजणारा श्रोता प्रत्यक्षात अंकीय ध्वनीच ऐकत असतो.

हे रूपांतर विनाकारण केलेले नाही. त्याचे कारण मिरजेच्या तंबोऱ्यावरून चांगले समजते.

मिरजेत शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यनिर्मितीची जी परंपरा सुरू केली, तिला २०२४ मध्ये सतार व तंबोरा या दोन्ही वाद्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. ‘काळी एक’ या स्वरात पुरुषी तंबोरा जुळवला, तर जोडाच्या तारांची मूलवारंवारता सुमारे १३८.६ हर्ट्झ आणि खर्जाची तिच्या निम्मी, म्हणजे ६९.३ हर्ट्झ येते. घोडीवरील जवारीमुळे या मूलस्वरांवर अनेक किलोहर्ट्झपर्यंत पोचणाऱ्या उपस्वरांची झालर चढते. आता समजा, रिसीव्हरला लहान आकाराचे पाच ध्वनिक्षेपक व एक सबवूफर जोडलेला आहे. लहान ध्वनिक्षेपकांना ६९ हर्ट्झ पेलत नाही. म्हणून रिसीव्हर ८० हर्ट्झच्या आसपास संकेताचे विभाजन करतो. खालचा भाग मुख्यत्वे सबवूफरकडे जातो, वरचा लहान ध्वनिक्षेपकांकडे. म्हणजे एकाच खर्जाच्या तारेचा मूलस्वर बव्हंशी खोलीच्या एका कोपऱ्यातून येतो आणि तिचे उपस्वर समोरून येतात! तरीही तो एकच तंबोरा वाटतो. ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटरच्या आसपास असते व एवढ्या लांब तरंगाची दिशा कानाला खोलीत नीट उमगत नाही, हे त्याचे कारण. शिवाय उपस्वरांवरून मूलस्वर ओळखण्याची खोडही कानाला असते.

हे विभाजन ॲनालॉग मंडलांनी करायचे, तर प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र रोधक-धारित्रांची जोडी लागेल आणि विभाजनबिंदू बदलायचा झाला, की सुटे भाग बदलावे लागतील. आकड्यांवर तेच काम एका चिपमधील गुणाकार-बेरजेने होते व ८० चे १०० करणे म्हणजे केवळ गुणांक बदलणे ठरते. अंतरानुसार विलंब, खोलीनुसार स्वरसंतुलन, दोन वाहिन्यांतून पाच निर्माण करणे ही सर्व कामे याच चिपमध्ये होतात. म्हणून ॲनालॉग संकेताला त्या चिपपर्यंत न्यायचे असेल, तर त्याचे आकडे करण्यावाचून गत्यंतर नाही.

ज्यांना हे नको असेल, त्यांच्यासाठी ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ अशा नावाची कळ बऱ्याच यंत्रांवर असते. ती दाबली, की अनेक यंत्रांत ॲनालॉग आगम रूपांतरकाला वळसा घालून थेट ध्वनिपातळी-नियंत्रकाकडे जातो. त्याबरोबर विभाजन, विलंब व संतुलनही बंद होते आणि सबवूफर सहसा गप्प बसतो. दोन मोठे ध्वनिक्षेपक असतील, तर हा मार्ग चांगला. लहान ध्वनिक्षेपकांवर त्याचा परिणाम खर्ज हरवण्यात होतो. ‘शुद्ध’ या विशेषणाला भुलून ही कळ कायमची दाबून ठेवणाऱ्या संगीत विभागांना एवढे सांगितले पाहिजे.

२००० नंतरच्या पहिल्या दशकातील काही यंत्रांवर सहा आरसीए खोबण्यांचा ‘मल्टिचॅनेल’ आगमही आढळतो. १९९९ मधील सुपर ऑडिओ सीडी आणि त्यानंतरची डीव्हीडी-ऑडिओ यांचा बहुवाहिनी ध्वनी एस/पीडीआयएफमधून पाठवता येत नसल्याने ही सोय होती. हा आगम बव्हंशी चिपला स्पर्शही न करता पुढे जात असे. सबवूफरकडे खर्ज वळवण्याचे काम प्लेअरमध्येच करावे लागे.

फोनो खोबण आणि खाँसाहेबांची तबकडी

चुंबकीय कार्ट्रिजचा निर्गम अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. त्याला सुमारे शंभरपट वाढवल्याखेरीज इतर उपकरणांच्या पंक्तीत बसवता येत नाही. पण फोनो खोबणीचे काम केवळ वाढवण्याचे नाही. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला व तार स्वर मुद्दाम उचललेले असतात. खर्ज तसाच कोरला, तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल आणि तार स्वर तसेच ठेवले, तर ते तबकडीच्या खरखरीत बुडतील. वाजवताना याच्या नेमके उलट करावे लागते. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल उचल आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढीच घट दिली जाते.

मिरजेत वास्तव्य केलेले व तेथेच चिरविश्रांती घेत असलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत निघालेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अर्थातच १९५४ पूर्वीच्या आहेत. त्या काळी प्रत्येक कंपनी आपापला वक्र वापरीत असे. आजच्या फोनो खोबणीला अशी तबकडी जोडली, तर १० किलोहर्ट्झजवळ सुमारे १४ डेसिबलची घट नाहक बसते आणि खाँसाहेबांच्या आवाजाची धार बोथट होते. ‘जुने मुद्रण असेच असायचे’ म्हणून आपण तो दोष काळाच्या माथी मारतो. निम्मा दोष फोनो खोबणीचा असतो. शिवाय या तबकड्यांच्या खाचा रुंद असल्याने त्यांना सुमारे ७५ मायक्रोमीटर त्रिज्येची सुई लागते. दीर्घवादन तबकडीची सुई खाचेच्या तळाशी रेंगाळते व तेथील धूळ वाजवते.

अंकीय संकेत : आकडे आणि पुडके

अंकीय खोबणीतून येणारा संकेत दोन प्रकारचा असू शकतो व रिसीव्हरला पहिल्याप्रथम हाच भेद ओळखावा लागतो. पहिला प्रकार पीसीएम, म्हणजे मोजणीचे उघडे आकडे. दुसरा प्रकार बिटस्ट्रीम, म्हणजे संपीडित पुडके. ते उलगडल्याशिवाय त्यातील ध्वनी मिळत नाही.

पुडक्याची गरज का पडली, हे साध्या गुणाकाराने स्पष्ट होते. सहा वाहिन्या, ४८,००० नमुने व १६ बिट धरल्यास सेकंदाला ४६,०८,००० बिट होतात. एस/पीडीआयएफची तार दोन वाहिन्यांच्या मापाची आहे. एवढे ओझे तिच्यात मावत नाही. १९९२ मध्ये चित्रपटगृहांत अवतरलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीने यावर तोड काढली. मोठ्या स्वराशेजारचा मंद स्वर कानाला ऐकू येत नाही, या तत्त्वाच्या आधारे अनावश्यक वाटणारे तपशील तिने वगळले. डीव्हीडीवर या पद्धतीचा कमाल वेग सेकंदाला ४,४८,००० बिट आहे, म्हणजे मूळच्या सुमारे दहावा भाग. १९९३ मध्ये आलेली डीटीएस पद्धती तत्त्वतः याच वाटेची. पुढे ब्ल्यू-रेबरोबर काहीही न वगळणारी पुडकी आली, ती मात्र एस/पीडीआयएफमधून जाऊ शकत नाहीत. २००६ च्या एचडीएमआय १.३ पासून ती तशीच रिसीव्हरपर्यंत नेता येऊ लागली.

रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर ‘पीसीएम’ अथवा ‘डॉल्बी’ अशी अक्षरे उमटतात. ती शोभेची नसून निदानाची खूण आहेत. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने केबल प्रक्षेपण अंकीय झाल्यावर घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. अनेक बॉक्समध्ये ध्वनिनिर्गम मूलतः ‘पीसीएम’वर ठेवलेला असतो. मग रिसीव्हरला दोनच वाहिन्या मिळतात व उरलेल्या तीन त्याला कल्पनेने भराव्या लागतात. पाच ध्वनिक्षेपक वाजताहेत, म्हणून पाच वाहिन्या येत आहेत, असे समजू नये.

अंकीय तारेविषयी दुकानदार बरेच काही सांगतात. तार महाग असली की ध्वनी ‘मोकळा’ होतो, हे विधान ॲनालॉग तारेच्या बाबतीत अतिशयोक्त आणि अंकीय तारेच्या बाबतीत जवळपास निरर्थक आहे. शून्य आणि एक ओळखता आले, तोवर ध्वनी जसाच्या तसा असतो. ओळखता आले नाहीत, की तो तुटतो, टकटकतो किंवा बंद पडतो. हळूहळू खालावण्याची मधली पायरी येथे जवळजवळ नसते.

विलंब, अंतर आणि सभागृह

२० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मीटरला जवळपास २.९ मिलिसेकंद. श्रोत्यापासून पुढचा ध्वनिक्षेपक ४ मीटर आणि मागचा १.५ मीटर अंतरावर असेल, तर रिसीव्हर मागच्याला ७ मिलिसेकंदांहून थोडा अधिक विलंब देतो आणि दोन्ही ध्वनी एकाच वेळी कानावर येतात. दिवाणखान्यात हे उत्तम साधते. महाविद्यालयाच्या सभागृहात हेच यंत्र बसवले, की अडचण सुरू होते. शेवटच्या रांगेतील श्रोता मागच्या ध्वनिक्षेपकापासून २ व पुढच्यापासून १२ मीटरवर बसलेला असेल, तर त्याच्यासाठी २९ मिलिसेकंदांचा विलंब हवा. पहिल्या रांगेसाठी तोच विलंब सपशेल चुकीचा ठरतो. होम थिएटर रिसीव्हर एका बैठकीसाठी घडवलेला आहे. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात भाषणासाठी पुढचे दोनच ध्वनिक्षेपक चालू ठेवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा समोरून येणारा एकच आवाज प्रेक्षकांना पुरला होता!

ओठ आणि शब्द यांचा मेळ न बसणे ही याच जातीची तक्रार. प्रक्षेपक चित्रावर संस्करण करण्यात वेळ घेतो. सेकंदाला २५ चौकटी असताना तीन चौकटी मागे पडल्या, तर १२० मिलिसेकंदांचे अंतर पडते. रिसीव्हर ध्वनीला तेवढे थोपवू शकतो. ध्वनीच मागे पडलेला असेल, तर त्याला पुढे ढकलण्याची शक्ती मात्र कोणत्याही यंत्रात नाही.

अखेरचा टप्पा

चिपमधून बाहेर पडलेले आकडे प्रत्येक वाहिनीसाठी अंकीय-ॲनालॉग रूपांतरकात जातात. येथून पुढे सर्वच संकेतांची वाट एक होते. तबकडी असो वा ब्ल्यू-रे, दोन्ही त्याच रूपांतरकातून, त्याच ध्वनिपातळी-नियंत्रकातून व त्याच शक्तिविवर्धकातून जातात. शक्तिविवर्धक बहुधा ‘ए-बी’ वर्गाचा, अलीकडे काही यंत्रांत ‘डी’ वर्गाचा असतो. हा ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. तो केवळ वर्णमालेतील पुढचा क्रम आहे.

उलट दिशेचा प्रवास मात्र होत नाही. ॲनालॉग खोबणीतून आत गेलेला संकेत आत अंकीय झाला, तरी सर्वसाधारणपणे तो प्रकाशतंतूच्या निर्गमातून बाहेर मिळत नाही. तसेच जुन्या यंत्रांत दुसऱ्या खोलीसाठी असलेल्या निर्गमाला स्वतंत्र रूपांतरक नसल्याने तेथे ॲनालॉग आगमच तेवढे ऐकू येत. सेट-टॉप बॉक्स प्रकाशतंतूने जोडला, की ती खोली मुकी होत असे.

गुणगुण

ॲनालॉग जोडणीचा आपल्या भागातील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण. केबलची तार एका ठिकाणी भूसंपर्कित, रिसीव्हर दुसऱ्या ठिकाणी व संगणक तिसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती असली, की भूसंपर्कांतील किंचित दाबफरकामुळे आरसीए तारेच्या कवचातून प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह संकेतात मिसळतो. ५० आणि १०० हर्ट्झ हे दोन्ही स्वर खर्जाच्या आणि जोडाच्या वारंवारतांच्या आगेमागे येत असल्याने तंबोऱ्याच्या मुद्रणात ही गुणगुण विशेष विद्रूप वाटते व छानकाने काढायला गेल्यास तंबोराही खरवडला जातो. पर्यवेक्षकाच्या परवानगीने प्लगची तिसरी पिन काढून टाकणे हा प्रचलित उपाय जिवावर बेतणारा आहे. सर्व उपकरणे एकाच भूसंपर्कावर आणणे अथवा प्रकाशतंतूने जोडणे, हे खरे उपाय. प्रकाशतंतूतून वीज वाहतच नाही. त्यामुळे वर्तुळ आपोआप तुटते.

ध्वनिफितींच्या जतनाचा प्रश्न

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी सांगली शहरात शिरले. ग्रंथालयांचेही त्यात मोठे नुकसान झाले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पुस्तकाची दुसरी प्रत कोठेतरी सापडण्याची शक्यता असते. गावातल्या एका मैफलीच्या ध्वनिफितीची दुसरी प्रत नसतेच. तळमजल्यावरील कपाटात ठेवलेल्या फितींविषयी हा विचार करण्यास आता फारसा अवधी उरलेला नाही.

या कामात रिसीव्हर मध्ये घालू नये. त्याची कारणे वरील विवेचनात आलीच आहेत. रिसीव्हर संकेताचे आकडे करतो, त्यावर खोलीला अनुसरून संस्करण करतो, पुन्हा विद्युत्‌दाब बनवतो व मग संगणकाचे ध्वनिकार्ड त्याचे तिसऱ्यांदा रूपांतर करते. ध्वनिक्षेपकाच्या सोयीसाठी कापलेला खर्ज मग कायमचा कापलेला राहतो. जुन्या यंत्रावर ‘टेप आउट’ नावाचा निर्गम असेल, तर गोष्ट वेगळी. निवडकातून थेट येणारा तो संकेत असंस्कारित असतो. नव्या यंत्रांतून ही खोबण बहुधा नाहीशी झाली आहे. म्हणून डेकचा निर्गम थेट बाह्य ध्वनिरूपांतरकाला व तेथून यूएसबीने संगणकाला, एवढीच साखळी असावी.

प्रथम डेकचे शीर्ष स्वच्छ करावे आणि त्याचा कल प्रत्येक फितीगणिक जुळवून घ्यावा. कल किंचित चुकला, तरी तार स्वर मंदावतात व पुढे कोणत्याही संगणकीय संस्करणाने ते परत येत नाहीत. फीत डॉल्बी-बी लावून मुद्रित केली असेल, तरच वाजवताना ती कळ लावावी. मुद्रणाची पातळी ठरवताना सर्वोच्च क्षणालाही ६ ते १० डेसिबल मोकळी जागा ठेवावी. रूपांतरकाची मर्यादा ओलांडली, की तेथील आकडे सपाट होतात. पहिल्या गटातील ०.३ व २ व्होल्टचा फरक येथे लक्षात ठेवायचा. २४ बिटांत काम केल्यास ही मोकळी जागा परवडते. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेने किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट असे प्रमाण सुचवले आहे. व्यवहारात ९६ किलोहर्ट्झ अधिक प्रचलित आहे. त्यानुसार साठ मिनिटांच्या फितीला सुमारे २.०७ गिगाबाइट जागा लागते. पाचशे फिती म्हणजे एक टेराबाइटच्या किंचित वर. एवढ्या क्षमतेची तबकडी आज एका विभागाच्या किरकोळ खर्चात येते. मूळ प्रत असंपीडित वेव्ह स्वरूपातच ठेवावी, वर्गात ऐकवण्यासाठी तिच्यापासून एमपी३ करावी. उलट क्रमाने जाता येत नाही.

प्रती किमान दोन असाव्यात आणि त्या एका गावात नसाव्यात. सांगली-मिरजेच्या महाविद्यालयाने आपली दुसरी प्रत साताऱ्यातील महाविद्यालयात ठेवावी, तेथील प्रत आपल्याकडे घ्यावी. दोन ग्रंथपालांच्या पत्रव्यवहाराने होण्यासारखे हे काम आहे. प्रत्येक फायलीच्या नावात तारीख, स्थळ व कलावंत यांची नोंद करावी आणि फितीच्या वेष्टनावरील हस्ताक्षराचे छायाचित्र तिच्या शेजारी ठेवावे. तबल्यावर कोण होते, हे पुष्कळदा तेथेच लिहिलेले असते.